वात बोलते तोवर

साल एकोणीसशे अडुसष्ट. माझ्या लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं आणि सासरी कुठला डबा कुठे हे आता कुणाला विचारावं लागत नव्हतं.

घर लांबोळकं होतं. पुढची खोली रस्त्याला लागून, तिथे माझे सासरे बसत. ते वैद्य. मधल्या खोलीत आमचं सगळं चाले: जेवणं, झोपणं, रुसवेफुगवे. त्यामागे पत्र्याची शेड आणि तिथे एक मोठी चूल. स्वयंपाकाची नव्हे, तेलाची. त्या चुलीवर माका तेल शिजायचं आणि तिथला कारभार आत्याबाईंचा.

आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या. तेव्हा त्यांचे वडील वैद्यकी करत. त्यांनी मुलीला रडत बसू दिलं नाही, चुलीपाशी नेऊन बसवलं. तेव्हापासून झारा त्यांच्या हातात होता. पुढे भाऊ वैद्य झाला, भावजय आली, मुलगा झाला, भावजय वारली, मुलगा मोठा झाला, त्याची बायको म्हणून मी आले. पण चुलीपाशी आत्याबाईच. रस्त्यावरची मोठमोठी माणसं सासऱ्यांना वाकून बोलत, आणि आतून हाक येई, "बाळ्या, जेवायला ये रे!" नाडी धरलेला रोगी खुदकन हसायचा. सासरे नाडी न सोडता म्हणायचे, "हसू नका, ठोके चुकतात."

माका तुम्ही पाहिला असेल, ओळखला नसेल. ओलसर जागी, पाटाच्या कडेला, सांडपाण्याच्या जवळ उगवणारी साधी झुडपं. खरबरीत पानं, लालसर देठ, बटणाएवढं पांढरं फूल. देठ चुरडला की बोटं हिरवी होतात आणि बघता बघता काळी पडतात. पहिल्यांदा मी पाटाकाठचा माका खुडून आणला, निवडला, वाटला, तेव्हा माझे दोन्ही हात कोळसा उगाळल्यासारखे झाले. मी घासून घासून धुवत होते. आत्याबाई म्हणाल्या, "राहू दे गं. हात काळे झाले तर चालतात. तोंड काळं करू नये म्हणजे झालं."

केस गळतात, अकाली पांढरे होतात, डोकं तापतं, झोप येत नाही, अशा तक्रारी घेऊन माणसं यायची. सासरे खोटं बोलत नसत. "तेलानं टकलावर जंगल उगवत नाही," ते सांगायचे. "पण डोकं थंड राहतं. हलक्या हातानं मुळांशी जिरवलं, थोडं तळपायाला चोळलं, की झोप लागते. माणूस झोपला की निम्मी दुखणी आपोआप वाटेला लागतात. केसांचं तसंच आहे." काविळीसारख्या दुखण्यात ते माक्याचा रस पोटातही देत, पण तो स्वतः बघून, स्वतः मोजून. कुणी आत्याबाईंकडे परस्पर रस मागितला तर त्या हात झटकायच्या. "पोटात काय जायचं ते बाळ्या ठरवील. डोक्यावरचं तेवढं माझं."

तेल करायची रीत ऐकायला सोपी आहे. तेलाच्या चौपट ताजा रस, माक्याचंच वाटण, आणि तिळाचं तेल, सगळं लोखंडी कढईत मंद आचेवर. रसातलं पाणी हळूहळू उडून जातं आणि माक्याचे गुण तेवढे तेलात उतरतात. ढवळत राहायचं, तळाला लागू द्यायचं नाही. खरी मेख शेवटी आहे. पाणी थोडंही राहिलं तर तेल महिन्याभरात खवट होतं. फार वेळ ठेवलं तर जळतं आणि मग ते डोक्याला लावलं काय न लावलं काय. तो मधला क्षण कसा ओळखायचा? तर झाऱ्यानं थोडं वाटण उचलायचं, बोटांत वळून त्याची वात करायची आणि पेटवायची. आत पाणी असेल तर ती तडतडते. "वात बोलतेय," असं आत्याबाई म्हणायच्या. वात बोलते तोवर कढई उतरवायची नाही. गुपचूप जळली की झालं.

तो आवाज मोठा नसतो. फोडणीसारखा नाही, लांब कुणीतरी वाळलं पान चुरगाळावं तसा. म्हणून आमच्या घरात एक शिस्त होती. आत्याबाईंनी शेडमधून "वात!" अशी हाळी दिली की सगळं घर गप्प. सासरे रोग्याचं वाक्य तोंडातच थांबवायचे आणि उठून शेडच्या दाराशी जाऊन उभे राहायचे. त्यांचे वडील राहायचे, म्हणून तेही. मी खल थांबवायची. नवीन रोगी गोंधळून विचारायचा, "काय झालं?" तर जुना रोगी तोंडावर बोट ठेवून दाखवायचा. मग आतून एक तर "अजून आहे" असं ऐकू यायचं नाहीतर "झालं, उतरवा." की पुन्हा सगळं सुरू. पहिली वात, दुसरी, कधी चौथीसुद्धा. उतरवायचं कधी हे कढईच ठरवायची.

मी आले त्या वर्षी मात्र आत्याबाई भलत्याच खुशीत होत्या. "आजकाल मला दुसरी वात लागतच नाही," त्या शेजारणींना सांगायच्या. "पहिल्याच वातीला गप्प. जन्मभर केलं, आता कुठे हात बसला बघा." मला वाटायचं, खरंच, काय हा हात!

आणि त्याच सुमारास बाटल्या परत येऊ लागल्या.

पहिली आली मास्तरीणबाईंची. त्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. बाळंतपणानंतर त्यांचे केस मुठीमुठीनं गळत होते. रोज फळ्यापुढे उभं राहायचं, आणि मागच्या बाकावरच्या मुली भांगाकडे बघून कुजबुजतात, म्हणून डोक्यावरून पदर घेऊन शिकवायच्या. बाटलीचं बूच काढून त्यांनी सासऱ्यांच्या नाकाशी धरली. "वैद्यबुवा, हे बघा. काल वर्गात एक मुलगी म्हणाली, बाई, कुठेतरी उंदीर मेलाय."

सासऱ्यांनी वास घेतला आणि तोंड वाकडं न करता म्हणाले, "बाटली ओली राहिली असेल. सूनबाई, बाटल्या कोण धुतं?"

बाटल्या मी धुवायची.

त्या दिवसापासून मी त्या बाटल्यांच्या मागे हात धुऊन लागले. उकळत्या पाण्यातून काढल्या, पालथ्या घातल्या, गच्चीवर उन्हात ठेवल्या, पुन्हा चुलीच्या ऊबेला ठेवल्या. काचेला हात लावला तर चटका बसायचा. तरी बाटल्या परत यायच्या आणि दर वेळी सासरे त्याच शांतपणे म्हणायचे, "सूनबाई, बाटल्या." मी मनातल्या मनात चरफडायची. माझ्या माहेरचा उद्धार कुणी केला नाही एवढंच.

एक दिवस मास्तरीणबाई तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा सासरे बाहेर गेले होते. त्या थेट मागे शेडमध्ये गेल्या. "आत्याबाई, तेल परत खवट निघालं हो."

आत्याबाई कढईत वाकून झारा फिरवत होत्या. त्यांनी वर बघितलं, मास्तरीणबाईंच्या हातातली बाटली बघितली आणि तोंडभर हसल्या. "हो हो, देते ना आणखी एक! गुण आला म्हणायचा!"

मास्तरीणबाई माझ्याकडे बघून ओठ चावत राहिल्या. मी दुसरी बाटली दिली, त्या ती घेऊन निमूट गेल्या. मी तेव्हाही एवढंच समजले की म्हातारीचं लक्ष नव्हतं.

कढईत पुढचा घाणा चढला त्या दिवशी पुढच्या खोलीत एकही रोगी नव्हता, म्हणून रोग्यांना गप्प करायला मला तिथे थांबावं लागलं नाही. "वात!" अशी हाळी आली तेव्हा मी वाळलेल्या बाटल्यांची टोपली घेऊन सासऱ्यांच्या पाठीमागे शेडच्या दारात उभी होते. आत्याबाईंनी वात वळली, निखाऱ्याला लावली, पेटली तशी कानाजवळ धरली. आणि ती वात बोलली. तड. तडतड. तड. मला स्पष्ट ऐकू आलं. ठिणगी उडालेलीही दिसली.

आत्याबाईंचा चेहरा समाधानानं भरून आला. "झालं," त्या म्हणाल्या. "उतरवा."

मी सासऱ्यांकडे बघितलं. ते क्षणभर तसेच उभे होते. मग माझ्याकडे न बघता, माझ्या हातातल्या टोपलीकडे बघत म्हणाले, "उतरव सूनबाई. आणि बाटल्या नीट वाळव."

मग माझ्या लक्षात आलं. आत्याबाईंना ऐकू येत नव्हतं. आणि हे सासऱ्यांना माहीत होतं.

आमचे हे मागांच्या कारखान्यात कामाला होते. त्या दिवशी ते पाळी संपवून आले, अंगावर कापसाचे तंतू, केस पांढरे झालेले, आणि मी त्यांना हातपाय धुवू न देता सगळं ऐकवलं. ते ओसरीच्या पायरीवर बसून ऐकत राहिले.

"मला केव्हाचं ठाऊक आहे," ते म्हणाले.

"तुम्हालाही?"

"तू बघितलं नाहीस? ती तुझं अर्धं बोलणं सोडून देते, बाबांचं तर सगळंच. माझं मात्र बरोबर कळतं तिला, आणि मी तर घरात सगळ्यात हळू बोलतो. आमच्या कारखान्यात मागांवरच्या धोट्यांचा खडखडाट एवढा असतो की कानाशी ओरडलं तरी उपयोग नाही. आम्ही सगळे ओठांनी बोलतो. आवाज काढतच नाही. समोरचा ओठ बघतो. आत्याशी मी तसंच बोलतो."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणी सांगायचं? मी? मला तिनं वाढवलंय. आई गेल्यावर तिच्याच कुशीत झोपायचो मी. बाबांना म्हटलं तर ते म्हणाले, तिच्या हातातला झारा काढून घेतला तर त्या हातात उरेल काय?"

"आणि बाटल्या? त्या माझ्या नावावर का?"

त्यांनी पायातली चप्पल उगाचच सरळ केली. "तू तरुण आहेस. बाबांना वाटलं असेल, सोसशील."

"वा! म्हणजे तरुण असणं हा गुन्हाच म्हणायचा."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. तेलाच्या एका कारखान्याचा माणूस सासऱ्यांना भेटून गेला होता. तयार तेल पिंपानं येणार, आपण फक्त बाटल्यांत भरायचं. सासऱ्यांनी जवळजवळ होकार दिला होता. आत्याबाईंना सांगणार होते, आता वय झालं, आराम कर. चूल मोडून तिथे पिंपं ठेवायची.

मी रागानं पेटले होते, पण हे ऐकून राग कुठल्या कुठे गेला. आपली चूल का गेली हे त्या बाईला जन्मात कळणार नव्हतं. हात बसला म्हणून जी आनंदात होती, तिला त्याच वेळी घरानं घरी बसवायचं ठरवलं होतं, आणि वर प्रेमानं.

सांगायला हवं होतं. पण कसं? बहिऱ्या माणसाला तू बहिरी झालीस हे कानात कुजबुजून सांगायची सोयच नसते. मोठ्यानं ओरडलं तर शेजारच्या चार घरांना आधी कळणार आणि तिला शेवटी. झाकली मूठ उघडायची तीही रस्त्यावर.

"मला शिकवा," मी ह्यांना म्हटलं. "ओठांनी बोलायला."

ते हसले, पण शिकवलं. आमच्या संसारातल्या काही फार चांगल्या दुपारी त्या. ते समोर बसायचे, मी आवाज न काढता बोलायची. "ओठ एवढे वाकडे करू नकोस, माकड दिसतेस," ते म्हणायचे. "साधं बोल. फक्त घाई करू नकोस आणि तोंड समोर ठेव." ते कामावर गेले की मी आरशासमोर सराव करायची. एकदा सासऱ्यांनी पाहिलं. मी तोंड उघडत होते, मिटत होते, गाल हलवत होते. ते परत गेले आणि लवंग घेऊन आले. "दाढेखाली धर," म्हणाले. मी निमूटपणे धरली.

एका सकाळी आत्याबाई आणि मी शेडमध्ये माका निवडत होतो. त्याच्यात दुसऱ्या झाडाचे पिवळ्या फुलांचे फाटे मिसळून आले होते, ते त्या बाजूला काढत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. हनुवटीला हात लावून त्यांचा चेहरा वर केला. सुनेनं आत्येसासूच्या हनुवटीला हात लावायचा नसतो, पण लावला. आणि आवाज न काढता म्हटलं, "आत्याबाई, त्या दिवशी वात बोलत होती."

त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. "काय?"

"वात बोलत होती. तुम्हाला ऐकू आलं नाही. तेल कच्चं उतरलं."

त्यांना कळलं. मला ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मग त्यांनी मांडीवरचा पाला झटकला, उठल्या आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कानामागून आली आणि तिखट झाली! चूल हवीय तुला माझी? मागून घ्यायची होतीस! बाटल्या ओल्या ठेवायच्या आणि खापर माझ्या डोक्यावर?"

"तसं नाही हो आत्याबाई..."

"मला बहिरी ठरवतेस? मला सगळं ऐकू येतं! तू स्वयंपाकघरात भांडी आदळतेस तेही ऐकू येतं!"

मी भांडी आदळत नव्हते. पण ते सांगून काय उपयोग. मी मधल्या खोलीत जाऊन रडले. त्या दिवशी त्या जेवायला आल्या नाहीत. नंतरही माझ्याशी बोलल्या नाहीत. झारा मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

आणि मग तो दिवस आला. तेलाच्या कारखान्याचा माणूस पुढच्या खोलीत येऊन बसला. गुळगुळीत भांग पाडलेला, हसतमुख, बोलायला रेडिओ. त्यानं काचेच्या कुपीतून तेल आणलं होतं, हिरवंगार. "आता कोण बसतंय वैद्यराज चुलीपुढे? बटण दाबलं की तेल. आमच्याकडे माणसाचा हातसुद्धा लागत नाही."

"ते दिसतंच आहे," सासरे म्हणाले. पण कुपी त्यांनी परत केली नाही.

मागे घाणा चढलेला होता. आम्ही सगळे त्या माणसाचं ऐकत असतानाच शेडमधून हाळी आली. "वात!"

तो माणूस बोलतच होता. सासऱ्यांनी त्याच्यापुढे तळहात धरला, उठले, आणि सवयीनं शेडच्या दाराशी गेले. मीही गेले. ह्यांची त्या दिवशी सुट्टी होती, तेही मागोमाग आले.

आत्याबाईंनी वात वळली. पेटवली. पण या वेळी ती कानाशी नेली नाही. दूर, हात लांब करून धरली आणि वातीकडे बघितलंसुद्धा नाही. त्या आमच्याकडे बघत होत्या. आधी माझ्याकडे. वात तडतडत होती. मी नजर हलवली नाही, हलवूच शकले नाही. मग भाच्याकडे. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. मग भावाकडे.

सासऱ्यांनी मान खाली घातली.

"बाळ्या," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "बोलतेय ना रे?"

सासरे काहीतरी भराभर म्हणाले, वयाचं, काळजीचं, तसं काही नाही असं काहीतरी.

"हळू," त्या म्हणाल्या. "तोंड माझ्याकडे कर."

त्यांनी तोंड वर केलं. एवढा मोठा वैद्य, पण त्या वेळी बाळ्याच दिसत होता. "हो ताई. बोलतेय."

"केव्हापासून?"

"पुष्कळ दिवस झाले."

वात त्यांच्या बोटांशी येऊन विझली. बोट भाजलं असणार, पण त्यांनी सोडली नाही. "माणसांचं कमी ऐकू येतं हे मला कळत होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बरंच आहे, कटकट कमी. पण वातीचं... मला वाटलं माझा हात बसला. मी गल्लीभर सांगत फिरले रे. पहिल्याच वातीला गप्प!"

मी आत्याबाईंना एवढं मोडलेलं कधी पाहिलं नव्हतं. पण ते क्षणभरच. मग त्यांचा चेहरा बदलला आणि त्या भावावर उसळल्या.

"आणि तू उभा राहून ऐकत होतास! मला वाईट वाटेल म्हणून? अरे, ती मास्तरीण डोक्यावर पदर घेऊन शिकवते. तिच्या डोक्यावर माझ्या हातून घाण घातलीस. मला वाईट वाटू नये म्हणून! आणि ही पोर," त्यांनी झारा माझ्याकडे रोखला, "हिला बाटल्यांच्या नावानं रोज फासावर चढवलंस. मीही हिला नाही नाही ते बोलले."

"ताई, मी आता कारखान्याकडून तेल..."

"काय? तोंड इकडे!"

"कारखान्याचं तेल घ्यायचं ठरवलंय. तू आराम कर."

"कान गेलेत माझे. हात आहेत. नाक आहे. डोळे आहेत." त्यांनी झारा कढईत परत घातला. "आणि हिचे कान आहेत. ये गं इकडे."

एवढ्यात कारखान्याच्या माणसानं दारातून डोकावून विचारलं, "काय झालं? आग लागली का कुठे?" आत्याबाईंनी त्याचे ओठ नीट वाचले. म्हणाल्या, "आग मंद आहे. तुमचं तेल घेऊन जा. आमचं अजून व्हायचंय."

मी त्यांच्या शेजारी चुलीपाशी बसले. त्या ढवळत होत्या, मी आच बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा वात वळली. मी मान हलवली: नाही. पुन्हा काही वेळानं वळली. पुन्हा नाही. सासरे दारातच उभे होते, पुढे जाऊन बसले नाहीत. ह्यांनी त्या माणसाला रस्त्यापर्यंत पोचवलं. आणि मग एक वात पेटली, सरळ, तेवती, कुठे तड नाही की फूट नाही. मी हात वर केला.

"कशी जळतेय?" त्यांनी विचारलं.

"गप्प," मी ओठांनी म्हटलं.

"म्हणजे मला ऐकू येते तशीच," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो. त्या डोळे पुसत होत्या. धूर होता असं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाईंनी ज्या ज्या घरी तेल गेलं होतं तिथे जायचं ठरवलं. सासरे म्हणाले, माणूस पाठवू. "माणूस कशाला? मी आहे, तू आहेस." त्या पुढे, त्यांच्यामागे मी, आणि सगळ्यात मागे चांगल्या बाटल्यांची पिशवी खांद्याला लावलेले सासरे. रस्त्यानं लोक थांबून बघत. एका दुकानदारानं विचारलं, "वैद्यबुवा, आज हमाली?" सासरे म्हणाले, "हो. जुनी मजुरी बाकी होती."

प्रत्येक दारात आत्याबाई एकच सांगायच्या. "माझे कान गेले, म्हणून तेल कच्चं उतरलं. हे घ्या, ते परत द्या. आणि बोलायचं असेल तर तोंड माझ्याकडे करून बोला." कुणी बरं म्हटलं. एकीनं दार लोटून घेतलं. आत्याबाई थोडा वेळ त्या बंद दारासमोर उभ्या राहिल्या, बाटली उंबऱ्याशी ठेवली आणि पुढे गेल्या.

मास्तरीणबाईंनी मात्र तिघांना बसायला खुर्च्या दिल्या. शेवटची बाटली परत मागितली तेव्हा त्या अवघडल्या. "ती आता रिकामी आहे. फेकवेना, म्हणून बिजागऱ्यांना घातलं तेल. एक दार वाजत नाही घरातलं."

आत्याबाईंनी ते ओठांवरून वाचलं आणि पोट धरून हसल्या. मग त्यांनी मास्तरीणबाईंना पाटावर बसवलं, डोक्यावरचा पदर खाली केला आणि स्वतःच्या हातानं तेल लावून दिलं, मुळांशी, हलकं, घाई न करता. मास्तरीणबाईंचं मूल पाळण्यात होतं. थोड्या वेळानं बघतो तर त्या बसल्या बसल्या झोपल्या होत्या.

आत्याबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. पुढे त्यांना काहीच ऐकू येईना, पण घरात कुणाला त्याची अडचण राहिली नाही. आमच्या घरातली मुलं बोलायला शिकली तीच समोर बघून. त्या गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत झारा त्यांच्या हातात होता, आणि मला "आचेकडे लक्ष दे" असं ओरडत होत्या.

सासऱ्यांनी बाटल्यांचं माझ्यापाशी कधी बोलून दाखवलं नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हता. पण त्यानंतर त्यांनी बाटल्या स्वतः धुवायला सुरुवात केली, आणि मी हातातून घेऊ लागले तर देत नसत. बहिणीनंतर ते फार दिवस राहिले नाहीत. वात पेटवायची वेळ झाली की शेवटपर्यंत दाराशी येऊन उभे राहायचे.

मास्तरीणबाईंचे केस परत आले. तेलानं आले की बाळंतपणाचे दिवस सरले म्हणून आले, हे सासऱ्यांनाही सांगता आलं नाही, आणि त्यांनी तसं मास्तरीणबाईंना सांगितलंही. त्या पुढे मुख्याध्यापिका झाल्या. पदर खांद्यावर असायचा.

कारखान्याच्या माणसाला मी एकदा बाजारात पाहिलं. त्यानं तेल सोडून पंखे विकायला घेतले होते. तसाच हसतमुख होता.

मागांचा कारखाना संपात बंद पडला तो उघडलाच नाही. आमच्या ह्यांनी मग पुढची खोली सांभाळली. वैद्यकी नाही, नुसतं तेल विकायचे. त्यांच्या छातीत कापूस बसला होता, तो काही सुटला नाही. शेवटच्या दिवसांत त्यांना बोलायला दम पुरत नसे, म्हणून आम्ही ओठांनीच बोलायचो. भेटायला आलेल्यांना वाटायचं, दोघं अबोला धरून बसलीत.

ते गेल्यावर मी एकटीनं काही वर्षं तेल केलं. मग कढई उचलवेना, आणि मुलांची त्यांची कामं होती. शेड पाडली, तिथे आता मोटारी उभ्या असतात. मला माझी नातसून विचारते, आजी, हे सगळं बाजारात मिळतं, तुम्ही एवढा खटाटोप कशाला करत होतात? मी तिला सांगते ते एवढंच, की घरातली माणसं त्या निमित्तानं घाण्याच्या दिवशी तरी गप्प बसायची आणि कान देऊन ऐकायची. ती हसते. सध्या तिला दिवस गेले आहेत, झोप नीट येत नाही, म्हणून दुपारी मी तिच्या तळपायांना तेल चोळते. विकतचंच असतं. ती झोपते.